जुन्या मॅसीचा सेल्फ उचलत नाही: दुरुस्त करू की नवीन टाकू?

कादवाकाठ

राम राम मंडळी. आमची मॅसी १०३५ (मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर) आहे, १९९४ चं पासिंग, वडिलांनी घेतलेली. इंजिनाचं काम आजवर एकदाच केलंय आणि फिरलं की पहिल्या दणक्यात धरतं, त्याबद्दल शंका नाही. अडचण सेल्फची, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटारीची आहे. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली तसं सकाळी किल्ली फिरवली की नुसता एक जड "टक्" असा आवाज येतो, पुढे काही नाही. तीन-चारदा केलं की कधीतरी फिरतो, तोही कुणी मागून धरून ठेवल्यासारखा. इंजिन गरम असलं की घेतो, पण पूर्वीचा जोर नाही. बॅटरी ८८ एएचची (अँपिअर-अवर), सहा महिन्यांपूर्वीच घेतलीय.

वायरमनने न उघडताच सांगितलं, सेल्फ गेला, नवीन टाका. चांगला घ्यायचा तर आठ हजारांच्या पुढे, डुप्लिकेट साडेचारपर्यंत. लाल कांदा सुरू झालाय. लासलगावला ट्रॉली लावली की लिलावाच्या रांगेत सारखं थोडं थोडं पुढे घ्यावं लागतं. सेल्फचा भरवसा नाही म्हणून तीन-तीन तास इंजिन चालूच ठेवतो. घरी उतारावर लावतो. खरी काळजी वडिलांची आहे. ते एकटे शेतात असताना ट्रॅक्टर बंद पडला तर ढकलायला कोण?

दुरुस्त करण्यात अर्थ आहे का? आधी काय तपासू?

वारणाकाठ

भावा, सोलेनॉइडवरच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचवरच्या) दोन जाड बोल्टांना पाना टेकवून बघ. मोटार जोरात फिरली तर मोटार चांगली, सोलेनॉइड गेलंय. आमच्याकडं सगळे असंच बघत्यात.

जुनालेथ

मालक, थांबा. मी बत्तीस वर्षं सेल्फ-डायनामोचं काम करतोय, म्हणून आधी हे सांगतो.

दोन जाड बोल्ट जोडले तर तुमच्या प्रकारच्या सेल्फमध्ये मोटार रिकामीच फिरते. बेंडिक्स (इंजिनाच्या दातरीत अडकणारं दातेरी चाक) पुढे ढकलायचं काम सोलेनॉइडचं असतं, ते झालेलंच नसतं. रिकामी मोटार फिरली म्हणून ती इंजिन ओढेल असं नाही. लोडवर बसणारी मोटारही रिकामी छान घरघरते. म्हणजे ठिणग्या पडल्या, पाना चिकटायची भीती घेतली, आणि कळलं काहीच नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. लोक पुढे जाऊन जाड बोल्ट आणि बारीक टर्मिनल जोडतात. तेव्हा बेंडिक्सही लागतो आणि इंजिनही चालू होतं. बऱ्याच ट्रॅक्टरना गिअर न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ न घेणारा सेफ्टी स्विच असतो, तो या पान्याने बाजूला पडतो. आणि पाना लावणारा माणूस उभा कुठे असतो? पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये. आमच्या शेजारच्या वस्तीवरचा तेवीस वर्षांचा मुलगा असाच गेला. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, डिझेल इंजिनाने अर्ध्या फेऱ्यात धरलं, मागचं चाक अंगावरून गेलं. त्याच्या वडिलांनी तो ट्रॅक्टर पुन्हा घरात आणला नाही. सेल्फ सीटवर बसूनच मारायचा. तुमच्याकडे कुणी "डायरेक्ट" मारत असेल तर आजपासून बंद करा.

वारणाकाठ

काका, हे डोक्यात आलं नव्हतं. माझा सल्ला मागं घेतो.

तारवाली

मी आयटीआयमध्ये शिकवते. दादा, नवीन सेल्फ घ्यायच्या आधी मल्टिमीटर घेऊन अर्धा तास द्या. साधा तीनशे रुपयांचा मीटर चालतो.

आधी "टक्" कशाने येतो ते सांगते. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक खेचणारी आणि एक धरून ठेवणारी. किल्ली फिरवली की दोन्ही मिळून आतला दांडा खेचतात. तो दांडा काट्याने बेंडिक्सला फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) दातरीत ढकलतो आणि शेवटी तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर आपटते. तोच तो "टक्". चकती टेकली की बॅटरीचा मुख्य करंट मोटारीत जातो, आणि खेचणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब (व्होल्टेज) आल्याने ती आपोआप सुटते. राहते फक्त धरणारी. बॅटरी उतरलेली असेल तर या क्षणी व्होल्टेज इतकं कोसळतं की धरणारीही सोडून देते, मग पुन्हा खेचते, पुन्हा सोडते. तेव्हा "टकटकटक" असा आवाज येतो. तुमच्याकडे एकच जड टक् येतोय, म्हणजे सोलेनॉइड खेचतंय आणि धरूनही ठेवतंय. एक तर तांब्याची चकती जळलीय, किंवा मोटारीपर्यंत दाब पोचत नाही, किंवा मोटार आतून अडतेय.

आता मोजमाप. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद करायचा नॉब ओढून धरलेला, म्हणजे इंजिन फिरेल पण धरणार नाही. एकाने सीटवर बसून किल्ली फिरवायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून मीटर बघायचा. पाच सेकंदांवर किल्ली धरायची नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं.

पहिलं, बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर मीटर लावा, क्लॅम्पवर नाही. काही न करता १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेले तर आधी बॅटरी बघा.

दुसरं, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरं सोलेनॉइडच्या मोटारीकडच्या बोल्टवर. किल्ली सोडलेली असताना इथे बॅटरीचा पूर्ण दाब दिसेल, घाबरू नका. सेल्फ मारताना जो आकडा येईल तो वाटेत खाल्लेला दाब. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक.

तिसरं, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून. इथे सेल्फ मारताना ०.३ पेक्षा जास्त यायला नको.

हे तिसरं मोजमाप जवळपास कुणी करत नाही. प्लसची वायर सगळ्यांना दिसते, पण जेवढा करंट जातो तेवढाच अर्थमधून परत यावा लागतो. सेल्फ मारताना दोनशे-तीनशे अँपिअर वाहतात. ३०० अँपिअरला ओहमच्या फक्त शंभराव्या भागाएवढा अडथळा आला तरी ३ व्होल्ट वाटेतच संपतात. एवढा अडथळा गंजलेल्या एका वॉशरचाही असू शकतो. हेडलाइट मात्र झकास पेटतो, कारण त्याला चार-पाच अँपिअरच लागतात. म्हणून "लाइट चांगली लागते, बॅटरी-वायर ठीक आहे" हा निष्कर्ष सेल्फसाठी कामाचा नाही.

कादवाकाठ

ताई, आज सकाळी सहाला धाकट्या भावाला सीटवर बसवून मोजलं. काहीच न करता १२.६. सेल्फ मारताना, टक् होऊन अडला तेव्हा, बॅटरीवर १०.९. प्लसच्या बाजूला ०.४. आणि मायनस खुंटी ते सेल्फचं अंग, २.९!

तीनदा मोजलं. २.९, २.८, २.९.

तारवाली

मग सोलेनॉइडची चकतीही ठीक आहे, कारण ती प्लसच्या ०.४ मध्येच आली. बॅटरीही चांगली आहे. १०.९ मधून ०.४ आणि २.९ गेले, म्हणजे मोटारीला मिळतात ७.६. एवढ्यावर थंड डिझेल इंजिन ओढायचं म्हणजे अर्धपोटी बैलाला नांगराला जुंपणं.

आता मायनस खुंटीवरचं टोक तिथेच ठेवून दुसरं टोक एकेक पायरी पुढे सरकवा. क्लॅम्प, वायरचं थिंबल (टोकाची धातूची कडी), चेसिसचा बोल्ट, मग शेजारचं उघडं लोखंड, गिअरबॉक्स, इंजिन, शेवटी सेल्फ. दर वेळी भावाला किल्ली फिरवायला लावा. आकडा जिथे उडी मारेल तिथे दोष.

कादवाकाठ

सापडलं! थिंबलपर्यंत ०.१. थिंबलवरून शेजारच्या लोखंडावर टोक ठेवलं की थेट २.३. उरलेला अर्धा-पाऊण व्होल्ट इंजिन आणि सेल्फच्या मधे.

कारणही कळलं. दसऱ्याआधी ट्रॅक्टरला पूर्ण रंग मारून घेतला होता. अर्थपट्टी (बॅटरीची मायनस चेसिसला जोडणारी) सोडून रंग मारला आणि पट्टी त्या रंगावरच परत आवळली. सेल्फच्या तोंडावरही रंगाचा थर आहे. तरीच दिवाळीनंतर हे सुरू झालं, आम्ही थंडीला दोष देत बसलो होतो.

बोल्ट काढून लोखंड चकाकेपर्यंत घासलं, दातेरी वॉशर टाकून आवळलं, वरून व्हॅसलीन लावलं. थिंबलही बदलून घेतलं. आता मायनसच्या बाजूला ०.५ येतात. पहिल्या किल्लीला चालू झाला. वडील ओट्यावर बसले होते, उठून जवळ आले.

पण सगळं सुटलेलं नाही. जोर वाढला तरी आवाज जड आहे, मधूनच एक झटका घेऊन अडल्यासारखा होतो, आणि चार वेळा मारला की केबल हाताला गरम लागते.

जुनालेथ

केबल गरम लागते म्हणजे करंट जास्त ओढतोय. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर बघा. साधा घरगुती क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो चालणार नाही. सौरपंप बसवणाऱ्यांकडे डीसीचा असतो. तुमच्या इंजिनाला सुरुवातीचा झटका सोडून फिरताना अडीचशेच्या आसपास यावेत.

कादवाकाठ

सौरपंपवाल्याकडून आणला. ४३० ते ४५० दाखवतो, सहा-सात सेकंद तसाच.

जुनालेथ

मग बुश. सेल्फ काढा आता.

आर्मेचर (मोटारीचा आतला फिरणारा भाग) दोन टोकांना ब्राँझच्या बुशांवर फिरतं. त्याच्या आणि बाजूच्या पोल शूच्या (चुंबकाच्या लोखंडी तुकड्यांच्या) मधे केसभराची फट असते. बुश झिजून लंबगोल झाला की करंट सुरू होताच चुंबकाच्या ओढीने आर्मेचर एका बाजूला खेचलं जातं आणि पोलला घासतं. मोटार स्वतःच ब्रेक लावून फिरते. करंट दुप्पट, जोर निम्मा, केबल गरम. गिऱ्हाईक म्हणतं मोटार जळाली. मोटार जळालेली नसते, दीड-दोनशे रुपयांचा बुश गेलेला असतो. माझ्याकडे नवीन सेल्फ घ्यायच्या बेताने आलेल्या कित्येक गिऱ्हाइकांचं काम बुश आणि कार्बनवर (फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) भागलंय. म्हणून न उघडता "सेल्फ गेला" कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. आमच्याच धंद्यातला माणूस असं बोलतो, आणि शेतकऱ्याचे पाच-सात हजार उगाच जातात.

काढताना आधी बॅटरीची मायनस काढा, मगच पाना हातात घ्या. सेल्फ दहा-बारा किलोचा असतो, शेवटचा बोल्ट सोडताना खालून हात द्या, नाही तर तो वायरींवर लोंबकळतो. वायरींना खूण करा. खोलायच्या आधी दोन्ही टोपणांवर आणि बॉडीवर छिन्नीची बारीक रेघ मारा, म्हणजे बसवताना तोंड चुकणार नाही. आत चार कार्बन असतील, त्यांच्या स्प्रिंग बघा. स्प्रिंग निळी पडली असेल तर ती तापून मऊ झालीय, कार्बनसोबत तीही बदला. आर्मेचरच्या पत्र्यांवर आणि पोल शूवर चकाकते ओरखडे दिसले तर निदान बरोबर.

कादवाकाठ

काका, ओरखडे नाही, चक्क आरसा झालाय. एका पोल शूचा अर्धा भाग चांदीसारखा चमकतोय. पुढच्या बुशात दांडा डुगडुगतो. कार्बन एक ७ मिलीमीटरचा उरलाय, एक तिरका झिजलाय. आत लाल माती आणि तेल मिळून जाडजूड लेप. कम्युटेटरवर (कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर) खाच पडलीय, पण कुठे काळं-निळं जळालेलं नाही.

तारवाली

छान. आता आर्मेचर तपासून घ्या, म्हणजे खर्च वाया जाणार नाही. रिवाइंडिंगवाल्याकडे ग्राउलर असतो, त्यावर ठेवून हॅक्सॉचं पातं वरून फिरवतात. एखाद्या खाचेवर पातं थरथरलं तर ती गुंडाळी शॉर्ट आहे. मीटरने कम्युटेटर आणि दांड्याच्या मधे जोड दिसायला नको. फिल्ड कॉइलचीही (पोल शूवरच्या गुंडाळीचीही) तीच परीक्षा.

वारणाकाठ

लेथवाल्याकडं कम्युटेटर खरादून घेशील तेव्हा पट्ट्यांमधलं अभ्रक अर्धा मिलीमीटर खाली कापून घे भावा. आमच्या डायनामोचं तसंच केलं होतं, कार्बन छान बसला.

जुनालेथ

डायनामोला बरोबर. सेल्फला सरसकट नाही. जुन्या लुकास पद्धतीच्या बऱ्याच सेल्फांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की अभ्रक कापू नये. सेल्फचा कार्बन तांबेमिश्रित असतो, तांब्याचा चुरा त्या खाचांत भरला तर पट्ट्याच एकमेकींना जोडल्या जातात. सेल्फ चालतो काही सेकंद, तेवढ्याला अभ्रक आड येत नाही. मूळ कम्युटेटरमध्ये खाचा नसतील तर नवीन पाडू नका, असतील तर साफ करा. आणि शेवटचा हात काचकागदाने मारा, एमरी नको. एमरीचे कण तांब्यात रुतून बसतात.

नवा बुश कोरडा ठोकू नका. तो सच्छिद्र असतो, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये एक दिवस-रात्र बुडवून ठेवा. तेवढं तेल त्याला पुढे पुरतं. घाईघाईत कोरडा बसवलेला बुश वर्षभरात परत येतो. बेंडिक्सच्या आट्यांवर ग्रीस थापू नका. आपल्या धुळीत ग्रीस म्हणजे घासून झिजवणारी पेस्ट. तेलाचा बारीकसा हात पुरे.

माळरान

मधेच बोलतो, कारण मी दुसऱ्या बाजूचा आहे. मी दोन वर्षांत तीनदा सेल्फ दुरुस्त केला आणि शेवटी नवा टाकला. माझ्या आर्मेचरचं झाळण वितळून बाहेर फेकलं गेलं होतं, कारण धरत नसलेल्या इंजिनावर अर्धा-अर्धा मिनिट सेल्फ मारत बसायचो. तशा आर्मेचरवर पैसे घालण्यात अर्थ नव्हता. नवा घेताना गिअर रिडक्शनचा घेतला. आकाराने लहान, आत मोटार वेगाने फिरते आणि गिअरने जोर वाढवते, करंटही कमी घेतो. सकाळचा फिरण्याचा वेग बघून समाधान वाटतं. घेताना मात्र जुना सेल्फ सोबत न्या. पिनियनचे (बेंडिक्सच्या दातेरी चाकाचे) दात मोजा, फिरायची दिशा बघा, तोंडाचे बोल्ट जुळवा. एक दात कमी-जास्त असेल तर दातरी खराब होते. आणि जुन्या पद्धतीचा डुप्लिकेट घेणार असाल तर दोन्ही वजनकाट्यावर ठेवा. माझ्या हातात दिलेला पहिला डुप्लिकेट मूळच्यापेक्षा अडीच किलो हलका होता. ते अडीच किलो तांबं-लोखंडच कमी घातलेलं असणार, मी परत केला.

जुनालेथ

माळरान, तुमचं बरोबर आहे. झाळण उडालेलं, फिल्ड कॉइल जळालेली किंवा तोंडाचं बीड तडकलेलं असेल तर मीही नवीनच घ्यायला सांगतो. यांचं तसं नाही.

कादवाकाठ

ग्राउलरवर आर्मेचर पास झालं. हिशेब असा: दोन्ही बुश आणि चार कार्बन मिळून ५४०, स्प्रिंग ८०, कम्युटेटर खरादायला २५०, बेंडिक्स ९५०. बेंडिक्सचे दात ठीक होते, पण त्याचा क्लच उलट दिशेला फिरताना खरखरत होता. सोलेनॉइड खोलून बोल्ट अर्धा फेरा फिरवून बसवले, म्हणजे चकतीला न जळालेली बाजू मिळाली, त्याला खर्च नाही. एकूण १,८२०. सेल्फच्या तोंडाचा रंग खरवडूनच बसवला.

आजचे आकडे: फिरताना २३० अँपिअर, बॅटरीवर ११.१, मायनसच्या बाजूला ०.२. सकाळी साडेसहाला, हातमोजे घालावे लागतील अशा थंडीत, एका सेकंदात इंजिन धरलं.

एकच उरलंय. दहा-पंधरा वेळांतून एकदा "कर्र" असा आवाज येऊन पिनियन घसरतं. दुसऱ्यांदा मारलं की लागतं.

पांढरंसोनं

भाऊ, ती फ्लायव्हीलची दातरी आहे. बंद करताना इंजिन कुठंही थांबत नाही, कॉम्प्रेशनला अडून ठराविक जागीच थांबते. तुमचं तीन सिलिंडरचं, म्हणजे दातरीवर तीन जागा. चार सिलिंडरला समोरासमोर दोन. सेल्फ दरवेळी तिथंच आदळते, म्हणून तेवढेच दात खाल्ले जातात, बाकी दातरी नव्यासारखी. खात्री करायची असेल तर कर्र झालं की किल्ली काढा, वरचा गिअर टाकून ट्रॅक्टर हातभर ढकला, न्यूट्रल करा आणि मग सेल्फ मारा. लगेच लागला तर दातरीच.

आमच्या गाडीला मी दातरी उलटून घेतली होती. त्यासाठी ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, म्हणून क्लचप्लेटच्या कामासोबतच करा, मजुरी एकदाच लागते. जुनी दातरी ठोकून काढायची, नवी किंवा उलटलेली सगळीकडून सारखी तापवून फ्लायव्हीलवर सोडायची. गवती पिवळी झाक आली की बस, तेव्हा ती सव्वादोनशे-अडीचशे अंशांवर असते. आमच्या पहिल्या मिस्त्रीने गॅसने एकाच जागी निळी होईपर्यंत तापवली, तिथले दात मऊ पडले अन् वर्षातच गेले. उलटायच्या आधी दातांना दोन्हीकडून उतार आहे का ते बघा. एकाच बाजूने उतार असेल तर उलटून पिनियन आत शिरत नाही, नवीनच घ्या.

कादवाकाठ

ढकलून बघितलं. लगेच लागतो. दातरीच आहे. क्लचही थोडा घसरतोच आहे, म्हणून उन्हाळ कांदा निघाला की मे महिन्यात दोन्ही कामं एकदम करू. तोवर कर्र झालं की जबरदस्ती न करता किल्ली सोडून पुन्हा मारतो. वडिलांनाही तसंच दाखवून ठेवलंय.

काल लासलगावला गेलो होतो. पुढे बरीच वाहनं होती. रांगेत इंजिन बंद केलं, पुढचा हलला की चालू केलं. घरी येईपर्यंत सतरा वेळा सेल्फ मारला, सतराही वेळा घेतला.

तारवाली

दादा, मे महिन्यात ट्रॅक्टर फोडलात की परत जोडताना अर्थपट्टी विसरू नका. आणि दातरीचे फोटो टाका, मुलांना ते तीन झिजलेले भाग दाखवायचे आहेत.

कादवाकाठ

नक्की टाकतो ताई. जुनी दातरीच आणून देतो, पोरांना हातात घेऊन बघता येईल.